तिरकी रेघ

नोकरीच्या दुसऱ्या आठवड्यात मॅडमनी जपानचा तक्ता माझ्यापुढे ठेवला. जठराच्या कर्करोगाने झालेले मृत्यू, वयोगटांनुसार, कित्येक दशकांचे. ‘पुढच्या वीस वर्षांचा अंदाज काढ,’ म्हणाल्या. आपल्या देशाचा का नाही, असं मी विचारलं. आपल्याकडे २०२० साली नोंदलेल्या मृत्यूंपैकी जेमतेम २२.५ टक्क्यांचं कारण डॉक्टरांनी प्रमाणित केलेलं होतं, हे तेव्हा कळलं. माझ्या आजोबांच्या दाखल्यावरही ‘हृदयक्रिया बंद पडून’ एवढंच होतं. पोटातली गाठ कागदावर आलीच नाही.

तक्ता सोपा वाटला. १९७५ साली वर्षाला सुमारे ५०,००० मृत्यू, २०१० सालीही सुमारे ५०,०००. मी आडवी रेघ तशीच पुढे ओढली. मॅडम म्हणाल्या, ‘आता वयाचा फरक काढून बघ.’ वयप्रमाणित दर काढला, म्हणजे लोकसंख्येतलं तरुण-म्हाताऱ्यांचं प्रमाण दर वर्षी एकच धरून. (हे दर मोजायला जगभर वापरतात ती प्रमाण लोकसंख्या मुळात जपानच्याच मित्सुओ सेगी यांनी १९६० साली मांडलेली.) तो दर त्याच काळात निम्म्याहूनही खाली आला होता. मी चक्रावले. रोग ओसरतोय आणि माणसं तितकीच जातायत? दोन्ही खरं होतं. एकेकाचा धोका घटत होता आणि धोक्याच्या वयाला पोचलेली माणसं वाढत होती.

मग दरालाच सरळ रेघ लावली, तर ती काही दशकांनी शून्याखाली गेली. लॉग घेऊन ते निस्तरलं, पण रेघ अशी का उतरते ते कळेना.

मॅडमनी तक्त्याचा प्रिंट काढला. आडव्या ओळींत पाच-पाच वर्षांचे वयोगट, उभ्या रकान्यांत पाच-पाच वर्षांनी येणारी सालं. १९७५ मधल्या ४० ते ४४ च्या घरावर त्यांनी पेन्सिल टेकवली, मग एक घर उजवीकडे, एक घर खाली, पुन्हा तसंच. ‘ही तीच माणसं. १९३० नंतर लगेच जन्मलेली.’ दुसरी तिरकी रेघ १९५० च्या सुमारास जन्मलेल्यांची. त्याच वयाला तिच्यावरचे दर कितीतरी कमी.

जठराच्या कर्करोगामागचं मुख्य कारण असलेला हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू बहुतेकांना लहानपणीच लागतो आणि उपचार झाले नाहीत तर दशकानुदशकं जठरात राहतो. बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना त्याच्या शोधासाठी २००५ चं नोबेल मिळालं. घरात पाणी कुठून यायचं, एका खोलीत किती जण झोपायचे, ताटात खारवलेलं किती असायचं, हे सगळं त्या तिरक्या रेघांत उतरलं होतं. सत्तरीतल्या माणसाच्या मृत्यूची नोंद वाचताना मी त्याचं बालपण वाचत होते. त्या दिवशी माझ्याच्याने पुढे काम झालं नाही.

प्रत्यक्ष मॉडेलने मात्र रडवलं. वय, सन आणि जन्मसाल तिन्ही घातली, तर सॉफ्टवेअर एक घटक परस्पर गाळून टाकी. दोन रात्री मी कोडमधली चूक शोधली, पण चूक नव्हतीच. सनातून वय वजा केलं की जन्मसाल मिळतं, त्यामुळे तिघांचे सरळ कल एकमेकांपासून सोडवता येत नाहीत. काहीतरी आपण गृहीत धरावंच लागतं, आणि काय धरलं ते अहवालात लिहायचं.

मग परीक्षा. २०१० नंतरचे आकडे झाकून मी २०२० चा अंदाज काढला. तो खऱ्या आकड्यापेक्षा जास्त आला. खरा होता ४२,३१९. मॅडमनी २०१३ च्या जागी पेन्सिलने उभी रेघ मारली. त्या वर्षी जपानने जठराच्या जुनाट सुजेसाठीही हा जंतू मारणारं औषध आरोग्य विम्यात आणलं. चुकीचा अंदाज पाहून मला इतका आनंद पुन्हा कधी होईल असं वाटत नाही.

अहवालात मी दोन अंदाज दिले. एक नुसत्या तिरक्या रेघांवरून, दुसरा २०१३ नंतरचा उतार तसाच राहील असं धरून. २०३५ साली दोन्हींमध्ये काही हजारांचं अंतर पडतं. दशांश चिन्हापुढचे आकडे काढून ते अंतर मी पूर्णांकात लिहिलं.