उकरलेली कुंडी

पुण्यात बंगल्यांच्या बागा करून द्यायला लागून मला वीस वर्षं झाली. नव्या घरी गेलो की पूर्वी मी दोनच गोष्टी विचारायचो, ऊन कुठे येतं आणि पाणी कोण घालणार. आता तिसरी विचारतो : कुत्रा आहे का, आणि तो उकरतो का?

हे मला ब्रुनोमुळे कळलं. दोन वर्षांचा लॅब्राडोर. डिसेंबरात मी त्याच्या घरच्या गुलाबांना एरंडी पेंड आणि बोनमील, म्हणजे हाडांची पूड, घातलं. दुसऱ्याच दिवशी त्याने तीन कुंड्या उकरल्या. घरच्या बाईंनी माती परत लोटली, झाडून घेतलं. रात्री उलट्या सुरू झाल्या, सकाळी जुलाबातून रक्त. डॉक्टरांनी विचारलं, "काही विषारी खाल्लंय का?" घरचे नाही म्हणाले. ते खोटं बोलत नव्हते. पेंडीत काय असतं हे मीच त्यांना सांगितलं नव्हतं. फोन आला तसा मी मूठभर पेंड पुडीत बांधून दवाखाना गाठला. तीन दिवस सलाइन लावावं लागलं. ब्रुनो वाचला.

एरंडाच्या बीमध्ये रायसिन नावाचं विष असतं. ते तेलात उतरत नाही, मागे पेंडीत राहतं. चांगली उष्णता दिली तर ते निकामी होतं, पण आपल्या हातातली पेंड कितपत तापवलेली आहे, हे बघून कळत नाही. त्यात बोनमील मिसळलं की कुत्र्याला तो वास खाऊचाच वाटतो. पोत्यावर 'सेंद्रिय' छापलेलं असतं आणि आपण निर्धास्त होतो. कुत्रा असलेल्या घरी मी आता शेणखत आणि गांडूळखतच नेतो.

कण्हेर मात्र मी सरसकट उपटायला सांगत नाही. देवाला फुलं लागतात, आणि झाड इतकं कडू की गुरंही सहसा तोंड लावत नाहीत. माझी भीती छाटणीची आहे. तोडलेली फांदी वाळली तरी हृदयाची गती बिघडवणारं तिचं विष तसंच राहतं, आणि अंगणात पडलेली वाळकी काठी पिल्लू चघळणारच. म्हणून कण्हेर छाटताना आधी खाली गोणपाट अंथरतो, मग कात्री हातात घेतो. शेवटी वाफ्यात अडकलेली पानं बसून वेचतो. त्याला अर्धा तास जास्त लागतो.

सायकस मात्र नाही म्हणजे नाही. पाम म्हणून विकतात, पण तो पाम नव्हे. मादी झाडाला मध्यभागी नारिंगी-लाल बिया धरतात. त्यातल्या एक-दोन पोटात गेल्या तरी कुत्र्याचं यकृत निकामी होऊ शकतं. डिफेनबाखिया, मनीप्लांट यांनी तोंड भाजल्यासारखं होतं, लाळ गळते. कच्चं अळू खाजतं त्याच जातीचा त्रास. ती कुंडी उंचावर ठेवली की झालं.

आणि कधी कुंडी उकरलेली किंवा पान कुरतडलेलं दिसलं, तर लक्षणांची वाट बघू नका. मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका, त्या मिठानेही कुत्रा दगावतो. उरलेलं पान, बी, खताची पिशवी, जे हाताला लागेल ते घ्या आणि डॉक्टरांकडे निघा.