पहिल्या धारेची परीक्षा

उत्तरपत्रिका तपासण्यात ज्याची तीस वर्षे गेली, त्याला जगातली प्रत्येक वस्तू गुण देण्याजोगी वाटू लागते. लग्नाच्या पंगतीत बसलो तरी वरणाला दहापैकी सात, मठ्ठ्याला आठ, असे हिशेब मनात सुरू होतात. घरी मात्र मी हे आकडे तोंडातून बाहेर पडू देत नाही. या धंद्याने एक तत्त्व मला शिकवले: प्रश्न वाचल्याशिवाय उत्तराला गुण देऊ नयेत. निबंधाच्या पानाला गणिताची फूटपट्टी लावली, तर कालिदासही नापास व्हायचा.

हे तत्त्व आठवण्याचे कारण या खेपेला शाळेतले नाही, बाटलीतले आहे. वाचकहो, मुख्याध्यापकाच्या लेखणीतून असा विषय निघाला म्हणून भुवया उंचावू नका. शेवटपर्यंत वाचा आणि मग हवे ते गुण द्या.

माझा एक भाचा अमेरिकेत नोकरीला आहे. फावल्या वेळात तो तिथे बिअरच्या स्पर्धांना परीक्षक म्हणून बसतो. मागे एका डिसेंबरात तो लामत्याला आला, तेव्हा सामानातून त्याने स्वेटरात गुंडाळलेल्या दोन बाटल्या काढल्या. कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडा या कारखान्याची ‘बिगफूट’ नावाची ही बिअर. १९८३ पासून ती दरवर्षी काढतात. एक बाटली त्याच वर्षाची होती, दुसरी त्याने पाच वर्षे जपून ठेवलेली. या जातीला ‘बार्लीवाइन’ म्हणतात. नाव वाइनचे असले तरी द्राक्षाशी तिचा संबंध नाही. ती जवाचीच बिअर, पण वाइनच्या तोडीची कडक. साध्या बिअरमध्ये मद्यार्क पाचेक टक्के असतो, हिच्यात ९.६.

“मामा, तुम्ही परीक्षक आहात म्हणून आणली. ही प्यायची नाही, तपासायची,” असे म्हणून त्याने एक छापील गुणपत्रिका माझ्यापुढे ठेवली. ती पाहताच मी सावरून बसलो. एकूण गुण ५०. वासाला १२, रूपाला ३, चवीला २०, तोंडात जाणवणाऱ्या भरीवपणाला ५ आणि एकंदर परिणामाला १०. १९८५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या बिअर-परीक्षकांच्या संस्थेची ही पद्धत. रूपाला पन्नासांत तीनच गुण पाहून मला समाधान वाटले, कारण हस्ताक्षराबद्दल माझे हेच मत आहे. शिवाय बिअर कितीही बिघडलेली असली, तरी १३ च्या खाली सहसा उतरत नाहीत म्हणे. म्हणजे कृपागुणांची चाल तिथेही आहे!

आणि पत्रिकेत सर्वांत वर काय, तर बिअरची जात लिहायची जागा. बार्लीवाइनला बार्लीवाइन म्हणूनच तपासायचे. ती उन्हाळ्यात घटाघटा पिण्याच्या बिअरसारखी हलकी नाही, म्हणून गुण कापायचे नाहीत. माझे जुने तत्त्व साता समुद्रापलीकडे कुणी छापून ठेवले होते.

मग आम्ही तपासायला बसलो. फ्रिजमध्ये ठेवू नका, फार गार केली की वास झोपतो, असे भाच्याने बजावले होते. लहान पेल्यात दोन बोटे ओतली. रंग तांबूस तपकिरी, तांब्याची घागर चिंचेने घासावी तसा. वास घेतला तर आधी संत्र्याची साल आणि जंगलातल्या सालईच्या डिंकासारखे काहीतरी. हा गुण हॉप नावाच्या वेलीच्या फुलांचा. त्याच्या मागून काकवीचा वास आला, तो मोड आणून भट्टीत वाळवलेल्या जवाचा. घोट जिभेवर आधी गोड लागला आणि मग जो कडवटपणा आला, तो चिरायत्याच्या काढ्यासारखा घशात बराच वेळ मुक्काम करून राहिला. छातीत हलकी ऊब आली. पाच वर्षांच्या बाटलीत हीच मंडळी होती, पण भांडण मिटवून बसलेली. डिंकाचा तोरा उतरला होता, कडवटपणा मवाळ झाला होता आणि खजूर, काळ्या मनुका पुढे आल्या होत्या. ताजीला मी ३६ दिले, जुनीला ४१. भाच्याचे आकडे दोन-तीन गुणांनीच वेगळे होते. दोन परीक्षकांत एवढा फरक मंडळालाही चालतो.

बोलता बोलता त्याने जुन्या इंग्लंडातली रीत सांगितली. जवाच्या भरड्यावर गरम पाणी घालून जो पहिला रस निघे, तो सर्वांत गोड आणि दाट. त्याची कडक बिअर करीत. त्याच भरड्यावर पुन्हा पाणी घालून जो पातळ रस निघे, त्याची रोजची हलकी बिअर. बड्या घरांत मुलगा जन्मला की कडक बिअरचे पिंप भरून ठेवीत आणि तो एकवीस वर्षांचा झाला की फोडीत. ऐकता ऐकता मी हसलो. पहिल्या रसाचा हा मान आपल्या भाषेत कधीचा आहे. अस्सल वस्तूला आपण म्हणतोच की, ‘पहिल्या धारेची’!

पण ही धार मराठीत आली ती बिअरमधून नव्हे, हातभट्टीवरून. आणि आमच्या बालाघाट जिल्ह्यात धार म्हटली की ती मोहाची. मार्च-एप्रिलात पहाटे मोहफुले गळू लागली की लामत्याच्या आसपासच्या रानांत बायका-पोरे टोपल्या घेऊन निघतात. अस्वलालाही हे फूल प्रिय, म्हणून वेचणाऱ्याला जीव मुठीत धरावा लागतो. वाळवलेली फुले पाण्यात भिजवून काही दिवस आंबवतात आणि मग चुलीवर चढवतात. वरच्या भांड्यात गार पाणी, त्याच्या बुडाला वाफ लागून थेंब गळतात. वरचे पाणी तापले की बदलायचे. असे जितक्या कमी वेळा बदलले तितकी दारू कडक.

भाचा म्हणाला, “मामा, हिची गुणपत्रिका कुठे आहे?”

म्हणून मी त्याला माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या घरी नेले. कुटुंब गोंड. त्याच्या वडिलांनी पानाच्या दोन्यात थोडी ओतली आणि आम्ही हात पुढे करताच म्हणाले, “रुको गुरुजी, पहले धरती को.” पूर्वजांच्या नावाने चार थेंब जमिनीवर पडले. मग त्यांनी थोडी चुलीत शिंपडली, निळसर ज्वाळ उठली. बाटली हलवून फेसाचे मणी किती वेळ टिकतात ते दाखवले. चार थेंब तळहातावर चोळून म्हणाले, “सूंघो.” धूर, वाळलेले फूल, मनुकेसारखा गोडवा. वास १२, रूप ३, चव २०: सगळे रकाने या म्हाताऱ्याच्या हातात होते, फक्त कागदावर नव्हते. “बाबा, कितनी अच्छी है?” असे विचारले, तर म्हणाले, “पूजा में चढ़ाने लायक.” पन्नासांपैकी किती, ते ज्याने त्याने ठरवावे.

आता आपल्या सीमेची गोष्ट. १९५६ पर्यंत बालाघाट आणि भंडारा एकाच राज्यात होते आणि आजचा गोंदिया जिल्हा भंडाऱ्यातच होता. फूल तेच, रान तेच. कायदे मात्र दोन झाले. मध्य प्रदेशात अनुसूचित जमातींना घरच्या वापरापुरती, ठरलेल्या मर्यादेत, मोहाची दारू काढण्याची मुभा आहे. पलीकडे महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली हातभट्टी हा गुन्हा, आणि गडचिरोलीत तर १९९३ पासून संपूर्ण दारूबंदी. त्याआधी इंग्रज सरकारने १८९२ साली मुंबई इलाख्यात खास मोहफुलांसाठी कायदा केला होता, तो महसुलापायी. अलीकडे आमच्या सरकारने मोहाच्या दारूला ‘हेरिटेज’ म्हणून मान दिला. दिंडोरीची ‘मोहुलो’ आणि अलीराजपूरची ‘मोंड’ देखण्या बाटल्यांतून विकायला आल्या.

मी कोणत्याही कायद्याची वकिली करीत नाही. मुख्याध्यापक म्हणून दारूचे दुसरे टोक मी रोज पाहतो. वर्गातला रिकामा बाक पाहून चौकशी करावी, तर बाप पिऊन पडलेला आणि मुलगा मजुरीला गेलेला. फुलांऐवजी नवसागर आणि कुजका गूळ घालून काढलेल्या दारूने घरे बसलेली पाहिली आहेत. गडचिरोलीच्या बायका दारूबंदीसाठी का उभ्या राहिल्या, हे मला कुणी समजावून सांगायला नको.

पण म्हणूनच परीक्षा हवी, असे माझे मत झाले आहे. ज्या वस्तूला पारखणारा उरत नाही, तिच्यात भेसळ करणाऱ्याचे फावते. ज्वाळ, मणी आणि वास ओळखणाऱ्या म्हाताऱ्याच्या घरी नवसागराची दारू खपत नाही. शिवाय परीक्षक पेला रिकामा करीत नाही. त्या डिसेंबरात आम्ही दोघांनी मिळून बाटलीच्या तळाशी निम्मे ठेवून दिले, कारण दुसरा पेपर तपासायचा तर डोके जाग्यावर हवे. कडक वस्तूचा मान थोडक्यात घेण्यात आहे. म्हातारेबाबांचे पहिले चार थेंब जमिनीला जातात, तेव्हा पिणाऱ्याचा हात तेवढा वेळ थांबतोच.

उणीव आहे ती शब्दांची. बिअरच्या चवीसाठी भाच्याजवळ शब्दांचा कोश आहे. मोहासाठी माझ्या मराठीत एक ‘पहिल्या धारेची’ सोडली, तर बाकी सगळ्या शिव्याच. गोंडीत शब्द असतील, पवारीत असतील, आपल्या आजी-आजोबांच्या बोलीत नक्की असतील. वाचकहो, दिवाळीला घरची मंडळी एकत्र जमतील तेव्हा विचारा त्यांना. दारूचे नको वाटले तर नुसत्या फुलाचे विचारा: भाजलेल्या मोहफुलांचा वास कसा, मोहाच्या लाडूची गोडी कशी. जे शब्द मिळतील ते वहीत लिहून ठेवा. उत्तरपत्रिका आपल्या रानात दरवर्षी एप्रिलात पडते आहे, आणि रकाने अजून कोरे आहेत.