नानांनी सोडलेले पाणी

माझे सासरे, नाना, ८२ वर्षांचे. हृदयाच्या तपासणीसाठी त्यांना जळगावहून मुंबईला न्यायचे होते. रात्रभराचा रेल्वेप्रवास त्यांना झेपला नसता, म्हणून लहान विमानाची तिकिटे काढली.

आपल्याकडे स्वस्त विमानप्रवासाची वाट दाखविली ती हेलिकॉप्टरे भाड्याने देणाऱ्या एका छोट्या व्यवसायाने. कॅप्टन गोपीनाथ यांनी त्यातूनच पुढे, २००३ मध्ये, एअर डेक्कन सुरू केली. २०१७ पासून ‘उडान’ योजनेने लहान गावे जोडली जाऊ लागली. निम्म्या जागांना तासाभराच्या उड्डाणासाठी सुमारे २५०० रुपयांची मर्यादा ठरली. “आम्ही विमान फक्त आभाळात पाहिले,” नाना कौतुकाने म्हणाले.

तयारी मी नीट केली. औषधे हातातल्या पिशवीत, कागदपत्रे फायलीत, चाकाच्या खुर्चीची नोंद तिकिटासोबतच. जाता जाता एवढेच म्हणाले, “नाना, अठरा-वीस जणांच्या अशा विमानात बहुधा शौचालय नसते हं.” त्यांनी मान डोलावली. मला ते पुरेसे वाटले.

मुंबईत उतरताना शिडीच्या शेवटच्या पायरीवर त्यांचा तोल गेला. कर्मचाऱ्याने सावरले म्हणून निभावले. ओठ कोरडे पडले होते, हात गार. तपासणीच्या वेळी रक्तदाब बराच खाली आलेला आढळला. डॉक्टरांनी खोदून विचारले तेव्हा उलगडा झाला. आदल्या संध्याकाळपासून नानांनी पाण्याचा घोट घेतला नव्हता. लघवीची गोळी रुमालात बांधून ठेवली होती. रक्तदाबाची मात्र नेमाने घेतली होती. त्यात विमानातली हवा कोरडी.

“गोळीची वेळ मी बदलून दिली असती,” डॉक्टर म्हणाले, “पण मला कोणी विचारलेच नाही.”

नानांनी मान खाली घातली. सुनेपुढे हा विषय काढायचा कसा, या संकोचापायी त्यांनी तहान सोसली होती. आणि मी? अडचण सांगितली, पण तिच्यावरचा उपाय त्यांच्यावर सोपवून मोकळी झाले होते.

परतीच्या आदल्या रात्री मी त्यांच्याजवळ बसले. “नाना, उद्या लघवीची सोय कशी करायची, ते आज ठरवू या.” ते क्षणभर खिडकीकडे पाहत राहिले. मग हळूच म्हणाले, “चढायच्या अगदी आधी एकदा नेशील?”

डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी घरी पोहोचल्यावर द्यायचे ठरले. त्यांनी आखून दिलेल्या प्रमाणात पाणी घोट घोट करून दिले. आधाराला शोषक अंतर्वस्त्र घेतले. त्याची गरज पडली नाही.

विमान वर चढले तसे नानांनी स्वतःहून बाटली मागितली. त्या एका घोटाने माझ्या जिवाला जो थंडावा मिळाला, तो कोणत्याही अहवालाने मिळाला नव्हता.