दोन गिगाबाइटांचा आळ

माणसावर चोरीचा आळ घेण्यास फारसें धैर्य लागत नाहीं. समोर एखादा आंकडा असला म्हणजे पुरे. माझ्यासमोर असा आंकडा होता, आणि तो खुद्द यंत्रानेंच लिहून दाखविला होता, हें आरंभींच सांगून टाकतों. कारण पुढील हकीकतींत माझ्या बाजूनें बोलण्यासारखें तेवढेंच आहे.

माझा लॅपटॉप पांच-सहा वर्षांचा. वडिलांच्या दप्तरांतील मोडी कागदांचीं छायाचित्रें मीं त्यांत सांठविलीं आहेत, आणि एका बाजूस कागद व दुसऱ्या बाजूस त्याची बालबोध नक्कल मांडून बसणें हा निवृत्तीनंतरचा माझा उद्योग. चित्रें मोठीं, चार उघडलीं कीं यंत्राला धाप लागे, आणि एक शब्द उमटेपर्यंत माझी सुपारी कातरून होई. आंत स्मृति, म्हणजे बोलीभाषेंत रॅम, ४ गिगाबाइटांची होती. आणखी ४ ची पट्टी घाला, असें आमच्या आळींतील दुरुस्तीवाल्यानें सुचविलें. या मुलाला मी तो अर्ध्या चड्डींत हिंडत होता तेव्हांपासून ओळखतों. त्यानें माझ्यादेखत मागचें झांकण उघडलें, रिकाम्या खांचेंत पट्टी बसविली आणि "काका, आतां पळेल बघा!" असें म्हणून यंत्र माझ्या हातीं दिलें.

घरीं येऊन मीं यंत्राची माहिती उघडली. स्मृति ८.०० जीबी, आणि पुढें कंसांत, वापरतां येण्याजोगी ५.९ जीबी. त्या कंसानें घात केला. दोन गिगाबाइट गेले कोठें? मीं तत्काळ फोन उचलला.

"जुनी पट्टी घातलीस कीं काय रे?"

तो क्षणभर गप्प राहिला. "नवीच आहे, काका. यंत्र घेऊन या, बघूं आपण."

"बघायचें तें मी बघितलें आहे. ओळखीच्या माणसाला तरी फसवूं नये," असें म्हणून मीं फोन ठेवला. खोटें कशाला बोलूं, त्या वेळीं मला मोठें समाधान वाटलें.

समाधान रात्रभर टिकलें. सकाळीं पुरावा अधिक बळकट करावा म्हणून मीं तपासास बसलों. पहिला संशय कार्यप्रणालीवर. ३२ बिटांची विंडोज असली तर तिला ४,२९,४९,६७,२९६ बाइटांपलीकडचे पत्तेच सांगतां येत नाहींत, आणि पुढची स्मृति असून नसल्यासारखी होते. माझी ६४ बिटांची निघाली. नंतर 'एमएसकॉन्फिग' नांवाच्या खिडकींत शिरलों. तेथें स्मृतीला कमाल मर्यादा घालणारी एक चौकट असते, व ती कोणीं चुकून भरली तर यंत्र मुकाट्यानें तेवढ्यावरच भागवितें. चौकट रिकामी होती. मग टास्क मॅनेजर उघडून स्मृतीचें पान पाहिलें. तेथें दोन ओळी होत्या. एक म्हणत होती, खांचा २ पैकीं २ वापरांत. दुसरी म्हणत होती, हार्डवेअरसाठीं राखीव, २.१ जीबी.

पहिली ओळ वाचतांच माझा चेहरा उतरला असावा. पट्टी खोटी असती, लहान असती, तर एकूण बेरीज ८ झालीच नसती. ८.०० हा आंकडाच त्या मुलाच्या बाजूची साक्ष होता, आणि तो मला आदल्या दिवशींच दिसला होता. मीं फक्त कंस वाचला.

आतां हें राखीव प्रकरण काय? ज्या लॅपटॉपांत चित्रांसाठीं निराळें कार्ड नसतें, त्यांत पडदा रंगविणारा भाग मुख्य स्मृतींतूनच आपला वांटा घेतो. तोहि केव्हां घेतो, तर विंडोज जागी होण्यापूर्वींच. जुन्या काळीं शेतांतलें धान्य घरीं येण्याआधीं खळ्यावरच बलुतेदारांचें माप घातलें जाई, तसाच हा प्रकार; पीक किती आलें तें एक, कणगींत किती पडलें तें दुसरें. विंडोज इमानानें दोन्ही आंकडे सांगते. त्याखेरीज जरूर पडली तर ती पुढें कणगींतूनहि चित्रांसाठीं उसनें देते, बहुधा निम्म्यापर्यंत. परंतु तें उसनें काम संपतांच परत येतें. खळ्यावरचें परत येत नाहीं. दोहोंनाहि लोक 'शेअर्ड' म्हणतात, त्यामुळें घोटाळा होतो.

रीत कांहीं नवी नाहीं. १९८१ च्या आयबीएम पीसीला १,०२४ किलोबाइटांचे पत्ते ठाऊक असत. त्यांपैकीं ६४० प्रोग्रामांचे, वरचे ३८४ पडदा आदि कामांसाठीं राखीव. त्याच वर्षींच्या इंग्लंडांतील बीबीसी मायक्रोंत सगळी स्मृति ३२ किलोबाइटांची, आणि सर्वांत बारीक चित्रपद्धति निवडली तर २० किलोबाइट पडदाच खाऊन टाकी. उरलेल्या बारांत माणसें कार्यक्रम लिहीत! माझा पडदा १,९२० गुणिले १,०८० ठिपक्यांचा. ठिपक्यास ४ बाइट धरले तर एका चित्राला ८२,९४,४०० बाइट लागतात. दोन गिगाबाइटांत असे अडीचशेंहून अधिक पडदे मावतील. एवढी तरतूद खेळ खेळणारांसाठीं. मोडी वाचणाराला तिचा काय उपयोग?

यंत्र सुरू होतांना एफ-२ ची कळ दाबून मीं बायोसमध्यें गेलों. पुष्कळ लॅपटॉपांत हा वांटा बदलण्याची सोयच नसते. माझ्या यंत्रांत 'यूएमए फ्रेम बफर' अशी ओळ सांपडली आणि तिच्यापुढें 'ऑटो' होतें. उलगडा झाला. स्मृति ४ ची होती तोंवर तें अर्धा गिगाबाइट घेई. ८ ची होतांच त्यानें आपण होऊन दोन घेतले. भाडेकरूचा पगार वाढल्याचें ऐकून भाडें वाढविणाऱ्या घरमालकांशीं माझा परिचय आहे, पण यंत्रांतहि ती जात असेल असें वाटलें नव्हतें. मीं ५१२ मेगाबाइटांची मर्यादा घातली, बदल जतन केला, यंत्र पुन्हां सुरू केलें. वापरतां येण्याजोगी, ७.४ जीबी. चार कागद उघडले, मग सहा उघडले. यंत्र हूं कीं चूं करीना.

दुपारीं दुकानांत गेलों. मला पाहतांच त्यानें गल्ल्याखालून एक पाकीट काढून पुढें ठेवलें. पट्टीचे सगळे पैसे त्यांत आधींच मोजून घातलेले होते. "पट्टी काढून ठेवतों," एवढेंच तो म्हणाला. मीं झालेला प्रकार सांगितला, बायोसचें सांगितलें, चूक माझी असें दोनदां म्हणालों. त्यानें सर्व ऐकून घेतलें, मान डोलावली आणि पाकीट पुन्हां गल्ल्यांत टाकलें. "होतें असें," म्हणाला. तो रागावला असता तर मला बरें वाटलें असतें.

कागदांचें काम हल्लीं झपाट्यानें चाललें आहे. गेल्या आठवड्यांत चार्जरची तार घ्यावयास त्याच्याकडेच गेलों होतों. तार चांगली दिली, किंमतहि वाजवी घेतली.

"साहेब," त्यानें विचारलें, "पावती देऊं का?"