कंधारचा खंदक आणि बाबांची काठी

घरातील ज्येष्ठांना सहलीला नेताना आपण एक सोयीचे वाक्य सहज बोलून जातो : "तुम्ही गाडीतच बसा, आम्ही पटकन पाहून येतो." मीही ते बोललो आहे, आणि तेही माझ्या वडिलांना, ज्यांनी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला.

नांदेडपासून सुमारे पन्नास किलोमीटरवर, मन्याड नदीच्या परिसरात कंधारचा भुईकोट आहे. माझी भाची न्यूरेंबर्गला असते. तिथल्या मध्ययुगीन तटाची छायाचित्रे ती कौतुकाने पाठवते. त्या तटाचा खंदक कोरडा आहे. आमच्या कंधारचा खंदक आजही पाणी बाळगून आहे. किल्ल्याची उभारणी राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याच्या, म्हणजे दहाव्या शतकाच्या काळाशी जोडली जाते. पुढे बहमनी आले, अहमदनगरची निजामशाही आली, 1631 मध्ये मोगलांनी तो घेतला आणि अखेरीस 1948 पर्यंत हैदराबादच्या निजामाचा अंमल राहिला. दुहेरी तट, मछली दरवाजा, लाल महाल, बुरुजांवरील तोफा आणि आत ठेवलेली जुनी शिल्पे पाहताना ही सारी राज्ये एकाच आवारात भेटतात.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये भर अकराच्या उन्हात मी बाबांना तिथे नेले. वय एक्याऐंशी. सकाळी लघवी वाढवणारी रक्तदाबाची गोळी घेतलेली. आणि वाटेत कुठे थांबायचे, या संकोचाने त्यांनी पाणी जवळजवळ प्यायलेच नव्हते. दरवाजाच्या अंधारात शिरताच त्यांना भोवळ आली. भिंतीने आधार दिला म्हणून ते पडले नाहीत. मी त्यांना गाडीत बसवले आणि घरच्या मंडळींसह उरलेला किल्ला पाहून आलो. परतताना बाबा लोह्यापर्यंत एक शब्दही बोलले नाहीत. चूक किल्ल्याची नव्हती, त्यांच्या वयाचीही नव्हती. ती चूक एका डॉक्टरची होती.

जानेवारीत आम्ही पुन्हा गेलो, सकाळी आठला. गोळीच्या वेळेबद्दल त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांना आधीच विचारले होते (ती मनाने बंद करणे किंवा पुढे ढकलणे योग्य नाही), निघण्यापूर्वी स्वच्छतागृहाची सोय वाटेत कुठे आहे हे ठरवले होते. मग बाबा निर्धास्तपणे पाणी प्यायले. आपल्या रुग्णाला मधुमेह असेल तर खाण्याची वेळ चुकवू नये आणि खिशात साखर ठेवावी.

मध्ययुगीन दरवाजे शत्रूला अडवण्यासाठी बांधले गेले, ही गोष्ट गुडघ्यांना लगेच कळते. वाट वळते, उंबरे उंच, पायऱ्या विषम आणि धरायला कठडा नाही. बाहेरच्या लख्ख उन्हातून काळोख्या देवडीत गेल्यावर वयस्क डोळ्यांना सरावायला वेळ लागतो. म्हणून आत शिरताच क्षणभर थांबावे. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात असावी. चढताना बरा पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. सोबत्याने चढताना एक पायरी मागे आणि उतरताना एक पायरी पुढे राहावे. दंड ओढू नये. त्याने तोल जातो.

ज्यांचे चालणे फारच थोडे, त्यांना कंधारचा खंदक व तट बाहेरून पाहण्यातही पुष्कळ आहे. तसेच लातूरहून जवळचे औसा आणि थोडे दूरचे उदगीर. दोन्ही भुईकोट, दोन्ही 1636 मध्ये मोगलांकडे गेले, आणि 1760 ची मराठ्यांची निजामावरील लढाई उदगीरच्याच नावाने ओळखली जाते. निलंग्याचे नीळकंठेश्वर मंदिर गावातच आहे. खरोशाची लेणी मात्र टेकडीवर आहेत. गुडघे कुरकुरत असतील तर ती नातवंडांसाठी ठेवावीत.

त्या सकाळी बाबांनी सगळा किल्ला पाहिला नाही. निम्मा पाहून ते खंदकाकाठी घडीच्या खुर्चीवर बसले आणि तिसऱ्या कृष्णापासून थेट निजामापर्यंत बोलत राहिले. सहलीला आलेली शाळेची चार मुले भोवती उभी राहिली. एकाने विचारले, "आजोबा, खंदकात मगरी होत्या का?" बाबांनी चष्मा पुसला आणि सांगितले, "असे म्हणतात. पण पुरावा काय, ते आधी विचारायचे."

साडेदहाला ऊन चढू लागले तेव्हा मी उठण्याची खूण केली. बाबांनी हातानेच मला थांबायला सांगितले. मुलांचे आणखी दोन प्रश्न बाकी होते.