दवबिंदू पाहायचा तर भामरागडच्या बांधीत

घटपर्णीचे चित्र तुम्ही मुलांच्या पुस्तकात पाहिले असेल. पानाचाच घडा, वर झाकण, आत पडला तो किडा गेला! आपल्या देशात ती मेघालयाच्या डोंगरांत उगवते. भामरागडला सापडायची नाही. पण तिची भावंडे इथल्या धानाच्या मुलखात आहेत. पर्लकोटेच्या पुराने ही वाट किती वेळा अडवली आहे, तेव्हा पाऊस ओसरल्यावरच जा, बांधीत उतरा आणि खाली वाका.

धुऱ्याच्या ओलसर, निकस मातीत दोऱ्यासारख्या पानांचे वीतभर रोप दिसेल. ऊन चढले तरी त्याच्यावरचे दव वाळले नसेल, तर तो दवबिंदू. ते दव नव्हेच, चिकट रस आहे. चिलट बसले की अडकले.

बोडीच्या पाण्यावर इवली पिवळी फुले डोलत असतील, तर एक काडी उचलून पाहा. बुडालेल्या तंतूंना मोहरीएवढ्या पिशव्या असतात. तोंडाशी किडा शिवला की डोळ्याचे पाते लवायच्या आत तो आत ओढला जातो. ही गेळ्याची वनस्पती.

दोघींची पाने हिरवी. अन्न त्या उन्हावरच करतात. निकस मातीत नत्र मिळत नाही, तेवढे किड्यांतून घेतात. पिकावरची कीड त्या आवरतील अशी आशा मात्र धरू नका. उपटून घरीही नेऊ नका. शेणखताच्या कुंडीत दवबिंदू जगत नाही.