आधी थांबणे

पुस्तके वाचून एखादी गोष्ट ठरवावी, असा प्रसंग आमच्या घरात माझ्याआधी कुणावर आला नव्हता. बी कोणते पेरायचे, म्हैस कोणती घ्यायची, हे सारे अनुभवावर ठरे. म्हणून गेल्या वर्षी दादा म्हणाला, "तू कॉलेजात जायलास की, मग वाचून सांग, गाडीत आधी काय बदलावं," तेव्हा पदवी हातात पडल्यासारखी माझी छाती फुगली.

दादाचे भोकरात मोटार वाइंडिंगचे दुकान आहे. दहावीनंतर त्याने शाळा सोडली ती मी शिकावे म्हणून. हे घरात कुणी बोलून दाखवीत नाही इतकेच. त्याला सुपारीच्या खांडाचे व्यसन नाही. हौस एकच, वेगवान गाडीची. आठ वर्षे पैसे साठवून त्याने जुनी फोक्सवॅगन पोलो जीटी आणली. २०१४ सालची, आपल्याच चाकणच्या कारखान्यात बनलेली. ११९७ सीसीचे टर्बो इंजिन, १०५ अश्वशक्ती. अशा आखूड बांध्याच्या पण तगड्या इंजिनाच्या गाड्यांना हॉट हॅचबॅक म्हणतात. हा प्रकार जगभर गाजवणारी गोल्फ जीटीआय १९७६ साली जर्मनीत निघाली, तेव्हा तिची ताकद ११० अश्वशक्ती होती. म्हणजे दादाची गाडी त्या थोर घराण्याच्या फक्त पाच घोडे मागे! पण दादाला तेवढ्याने समाधान नव्हते. जवळ साठ हजार रुपये होते आणि गाडी टप्प्याटप्प्याने सुधारायची होती.

मी वही घेऊन बसलो. प्रत्येक बदलापुढे त्याने किती ताकद वाढेल ते लिहिले आणि उतरत्या क्रमाने यादी केली. पहिला नंबर रीमॅपचा. टर्बोने हवा किती दाबाने भरावी, इंधन किती सोडावे, ठिणगी केव्हा पाडावी, हे गाडीतला संगणक ठरवतो. त्याची आकडेमोड बदलली की एकही नवा भाग न बसवता ताकद वाढते. त्याखाली हवेचा फिल्टर, त्याखाली सायलेन्सर. टायर आणि ब्रेक यांच्यापुढे मी शून्य लिहिले, म्हणून ते तळाला गेले. यादी फार नेटकी झाली होती. दादाने ती दोनदा वाचली आणि रीमॅपची चौकशी करायला आम्ही नांदेडला गेलो.

परतताना सीताखांडीच्या घाटात अंधार पडला. नुकतीच पावसाची सर येऊन गेली होती. एका वळणापलीकडे बिनदिव्याची ट्रॉली उभी होती. दादाने ब्रेकवर पाय रोवला. पेडल थरथरत होते, पण गाडी थांबेना. ओल्या रस्त्यावरून ती सरकतच गेली आणि ट्रॉलीपासून हातभर अंतरावर उभी राहिली. भोकर येईपर्यंत दोघेही बोललो नाही. यादी माझ्या खिशात होती.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीचाचांनी टायरच्या कडेचे चार आकडे बोटाने पुसून दाखवले : १५१६. म्हणजे २०१६ सालचा पंधरावा आठवडा. रबर वरून ठीक दिसत होते, पण कडक होऊन त्याला बारीक भेगा पडल्या होत्या. ब्रेक ऑइल चहासारखे काळपट झाले होते. हे तेल हवेतली ओल शोषून घेते. लांब उतारावर ब्रेक तापले की त्या पाण्याची वाफ होते आणि पेडल मऊ पडते. चाचा म्हणाले, "पळवायचं मागून बघू, बाबू. आधी थांबाया शिकव तिला."

दादा खाली मान घालून म्हणाला, "तीन घोड्याच्या मोटारीवर पाच घोड्याचं काम लादलं की वाइंडिंग जळतं. मी रोज गिऱ्हाइकाला सांगतो, अन् मीच विसरलो."

मला तेच लागले. यादी माझी होती. दोष त्याने स्वतःकडे घेतला.

त्या रात्री मी नवे पान काढले आणि त्यात एक रकाना वाढवला : "हे वाढले तर सोसणार कोण?" मग सगळा क्रमच उलटा झाला. ताशी ६० चा वेग ८० केला, तर वेग तिसऱ्या हिश्श्याने वाढतो. पण ब्रेकांना जिरवावी लागणारी ऊर्जा पावणेदोन पटींहून अधिक होते. या इंजिनाचा टॉर्क १७५ न्यूटन-मीटर, आणि त्याच्या गिअरबॉक्सची मर्यादा २५०. रीमॅप केला की मधली मोकळी जागा कमी होते. रांजणगावच्या कारखान्यातून २०१५ साली फियाटची अबार्थ पुंटो निघाली, तिला १४५ अश्वशक्ती होती. पण चारही चाकांना डिस्क ब्रेक होते आणि गाडीची उंचीही कमी केलेली होती. बनवणाऱ्यांनी ताकद एकटी दिली नव्हती.

नवी यादी अशी झाली : आधी टायर, ब्रेक ऑइल, ब्रेक पॅड. मग शॉक ॲब्सॉर्बर आणि बुश, कारण काळ्या मातीवरचे आपले रस्ते दर पावसाळ्यात खचतात. मग प्लग, इंजिन ऑइल आणि फिल्टर. सायलेन्सर मी खोडला. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे मालकाला पाच हजार दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. रीमॅप शेवटी ठेवला, प्रश्नचिन्हासह.

पहिल्या टप्प्यातच निम्म्याहून अधिक पैसे गेले आणि एकही घोडा वाढला नाही. दादा एका शब्दाने बोलला नाही. परवा भर पावसात त्याच घाटात शेळ्यांचा कळप आडवा आला. गाडी सरळ रेषेत, अलगद थांबली. शेळ्या जाईपर्यंत दादा वाट पाहत होता. मग हसून म्हणाला, "घोडे तेवढेच हायेत. पण आता सगळे ऐकायलेत."

जुनी यादी मी फाडली नाही. चुकलेल्या उत्तरावर लाल रेघ मास्तर मारतात, अशी माझी आजवरची सवय. ही रेघ मी स्वतः मारली आहे.

— बी. ए. द्वितीय वर्ष